से कॅथीड्रल, जुने गोवे

से कॅथीड्रल : गोवा राज्यातील जुने गोवे (तिसवाडी तालुका) येथील प्रसिद्ध प्रधान चर्च व गोवा आणि दमण या रोमन कॅथलिक आर्चबिशपप्रांताचे पीठ. अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरिनला वाहिलेली ही वास्तू मांडवी नदीच्या दक्षिण तीराजवळ, पणजीच्या पूर्वेस सु. १० किमी. अंतरावर उभी आहे. तिची लांबी सु. ७६ मी., रुंदी सु. ५५ मी. व दर्शनी भागाची उंची सु. ३५ मी. असून आशिया खंडातील मोठ्या चर्चवास्तूंत तिची गणना होते. १५६२ मध्ये बांधण्याचा आदेश निघालेल्या या वास्तूचे मुख्य काम १६१९ मध्ये पूर्ण झाले. पोर्तुगीज सत्तेचा आशियातील उत्कर्ष, तिची धार्मिक सक्ती आणि तिची ओहोटी या तिन्हींची साक्ष या एकाच इमारतीत मिळते.

संज्ञा : ‘कॅथीड्रल’ हा शब्द आसन या अर्थाच्या ‘कॅथेड्रा’ या मूळ ग्रीक शब्दावरून आला आहे. ‘से’ हा पोर्तुगीज शब्दही ‘सेडीस’ (आसन, पीठ) या लॅटिन शब्दापासून बनला आहे. म्हणजे ‘से कॅथीड्रल’ या रूढ जोडनावात एकच अर्थ दोनदा आला आहे. एखादे चर्च कॅथीड्रल ठरते ते त्याच्या आकारामुळे किंवा वैभवामुळे नव्हे, तर तेथे बिशपचे पीठ असल्यामुळे. से कॅथीड्रलसमोरच असलेले बॉम जेझस हे चर्च संत फ्रान्सिस झेव्हिअरच्या शवपेटिकेमुळे अधिक लोकविख्यात असले, तरी ते कॅथीड्रल नव्हे. त्याला १९४६ मध्ये ‘बॅसिलिका’ हा सन्मानदर्शक दर्जा मिळाला. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स पंथांतही कॅथीड्रलची व्याख्या हीच आहे. वास्तुरचना मात्र सामान्यतः भिन्न असते. बायझंटिन परंपरेतील ऑर्थोडॉक्स कॅथीड्रलमध्ये मध्यवर्ती घुमट आणि वेदीचा भाग भाविकांच्या जागेपासून वेगळा करणारी संतचित्रांची भिंत ही प्रमुख अंगे होत. से कॅथीड्रलमध्ये ही दोन्ही आढळत नाहीत. लांबट मध्यदालनातून भाविकाची दृष्टी थेट वेदीकडे जावी, हे पश्चिमी परंपरेतील तत्त्व येथे पाळलेले आहे.

इतिहास : अफोंसो द अल्बुकेर्क याने विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा शहर २५ नोव्हेंबर १५१० रोजी जिंकून घेतले. हा दिवस संत कॅथरिनच्या सणाचा असल्याने ती शहराची संरक्षक संत मानली गेली व तिच्या नावाने नदीकाठच्या वेशीजवळ एक लहानसे प्रार्थनामंदिर उभारण्यात आले. पोप तिसरा पॉल याने १५३४ मध्ये गोव्याचा स्वतंत्र बिशपप्रांत निर्माण केला, तेव्हा या मंदिराला कॅथीड्रलचा दर्जा मिळाला. केप ऑफ गुड होपपासून चीन-जपानपर्यंतचा विस्तीर्ण प्रदेश या पीठाच्या अधिकारात होता. १५३८ मध्ये झुवांव द अल्बुकेर्क हा फ्रान्सिस्कन बिशप गोव्यात आला. पुढे गोव्याला आर्चबिशपप्रांताचा दर्जा देण्यात आला, कोची व मलाक्का येथे त्याच्या अधीन बिशपप्रांत स्थापन झाले आणि १५६० मध्ये गास्पार द लियांव हा पहिला आर्चबिशप येथे आला. एवढ्या अधिकारक्षेत्राच्या पीठाला मूळचे लहान मंदिर अपुरे वाटणे स्वाभाविक होते.

राजा सेबॅस्त्यांव (कार. १५५७–७८) याच्या काळात, १५६२ मध्ये, नव्या कॅथीड्रलच्या उभारणीचा आदेश निघाला. पोर्तुगीजांच्या संपत्तीला व सागरी सत्तेला शोभेल अशी भव्य वास्तू उभारावी, असा त्यामागील हेतू होता. मुख्य प्रवेशद्वारावरील लॅटिन शिलालेखात या आदेशाचे वर्ष दिले असून पुढील राजांनी राजकोशाच्या खर्चाने काम चालू ठेवल्याची नोंद केली आहे. या ‘पुढील राजां’मध्ये स्पेनचे राजेही येतात, कारण १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजघराण्याकडे होता. वास्तूचे रचनाकार म्हणून आर्गेइरू व झूलिओ सिमांव ही नावे सांगितली जातात. मुख्य बांधकामास सत्तावन्न वर्षे लागली. १६४० मध्ये वास्तूचे विधिपूर्वक पवित्रीकरण झाले व वेद्यांची कामे १६५२ पर्यंत चालू राहिली. आदेशापासून मोजल्यास हे काम नव्वद वर्षे चालले.

या नव्वद वर्षांत गोव्याची परिस्थिती पार बदलली. आदेश निघाला तेव्हा विजयनगरच्या साम्राज्याशी होणारा घोड्यांचा व्यापार तेजीत होता. १५६५ मध्ये त्या साम्राज्याचा पाडाव झाला. १६२२ मध्ये होर्मुझ व १६४१ मध्ये मलाक्का ही ठाणी पोर्तुगीजांच्या हातून गेली. सतराव्या शतकाच्या चौथ्या व पाचव्या दशकांत डच आरमाराने मांडवीच्या मुखाची वारंवार नाकेबंदी केली. कॅथीड्रलच्या वेद्यांवर सोन्याचा मुलामा चढत होता, तेव्हा ज्या साम्राज्याचे वैभव दाखविण्यासाठी ती उभारली जात होती, ते आक्रसत चालले होते.

धार्मिक पार्श्वभूमी : या वास्तूचा विचार तिच्या परिसरातील धर्मांतराच्या इतिहासापासून वेगळा करता येत नाही. कॅथीड्रलचा आदेश निघण्यापूर्वी दोन दशके, १५४० च्या सुमारास, तिसवाडीतील हिंदू देवालये पाडण्यात आली व त्यांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती संस्थांकडे वळविण्यात आले. नदीपलीकडील दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराचे देवालय त्यांपैकीच एक होते. त्याचे लिंग पुढे डिचोली भागातील नार्वे येथे नेण्यात आले आणि तेथील देवालयाचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. सासष्टीतील मंगेश, शांतादुर्गा इ. दैवतेही भाविकांनी याच शतकात पोर्तुगीज हद्दीबाहेर, आजच्या फोंडा तालुक्यात हलविली. प्रियोळ, कवळे येथील आजच्या देवस्थानांचा उगम या स्थलांतरात आहे.

गोव्यात १५६० मध्ये धर्मन्यायासन (इन्क्विझिशन) सुरू झाले आणि १७७४–७८ या अल्प खंडाचा अपवाद वगळता १८१२ पर्यंत ते चालू राहिले. त्याचा वाडा कॅथीड्रलच्या समोरील चौकातच होता. चार्ल्स देलों या फ्रेंच वैद्याने या न्यायासनाच्या कैदेत काही काळ काढला व १६८७ मध्ये आपला अनुभव ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. १६७६ च्या जानेवारीत शिक्षा जाहीर करण्याच्या समारंभाच्या दिवशी पहाटेपूर्वी कॅथीड्रलची मोठी घंटा वाजू लागली व कैद्यांची मिरवणूक निघाली, असे वर्णन त्यात आहे. भाविकांना उपासनेसाठी बोलाविणारी घंटा कैद्यांना मात्र शिक्षेची सूचना देत असे. न्यायासनाचा वाडा एकोणिसाव्या शतकात जमीनदोस्त झाला. घंटा मात्र अद्याप जागेवर आहे.

याच काळाची दुसरी बाजू मराठी भाषेच्या इतिहासाशी निगडित आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट टॉमस स्टीफन्स याने ख्रिस्तपुराण हा सु. अकरा हजार ओव्यांचा मराठी ग्रंथ रचला व तो १६१६ मध्ये रायतूर (राशोल) येथे रोमन लिपीत छापला गेला. स्टीफन्सचे निधन १६१९ मध्ये, म्हणजे कॅथीड्रलचे मुख्य काम पूर्ण झाले त्याच वर्षी, झाले. कॅथीड्रलमधील उपासना लॅटिन भाषेत चालत असताना नवख्रिस्ती समाजाला धर्मकथा ओवीतून सांगण्याची गरज भासली होती. मात्र पुढे धोरण पालटले व १६८४ मध्ये स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढण्यात आले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासनेत लोकभाषांना स्थान मिळाले आणि या कॅथीड्रलमध्ये कोकणी ऐकू येऊ लागली.

गोव्याचे पीठ व ऑर्थोडॉक्स परंपरा : केरळातील संत टॉमसचे ख्रिस्ती हे पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वीपासून सिरियाई भाषेत उपासना करीत व पश्चिम आशियातील चर्चशी संबंध ठेवून असत. गोव्याचा आर्चबिशप आलेशू द मेनेझिस याने १५९९ मध्ये उदयंपेरूर येथे धर्मसभा भरवून त्यांना रोमच्या आज्ञेखाली आणले; त्यांच्या ग्रंथांत फेरफार करण्यात आले, काही नष्ट करण्यात आले. या दडपणाची प्रतिक्रिया म्हणून १६५३ मध्ये मट्टांचेरी येथे त्यांच्यातील मोठ्या समुदायाने जेझुइटांची आज्ञा न पाळण्याची शपथ घेतली. पुढे त्यांतील एका गटाचा अँटिऑकच्या सिरियाई ऑर्थोडॉक्स चर्चशी संबंध जुळला व आजच्या मलंकरा ऑर्थोडॉक्स परंपरेची वाट मोकळी झाली. म्हणजे भारतातील ऑर्थोडॉक्स चर्चच्या घडणीला गोव्याच्या या पीठाचे धोरण अप्रत्यक्षपणे कारणीभूत ठरले.

या घटनाक्रमाचा एक धागा पुन्हा गोव्यातच येऊन पोहोचतो. भारतातील कॅथलिक चर्चवर पोर्तुगालच्या राजाचा आश्रयाधिकार (पाद्रोआदो) असावा की रोमचे थेट नियंत्रण, हा वाद एकोणिसाव्या शतकात तीव्र झाला. १८८६ च्या करारान्वये गोव्याच्या आर्चबिशपला ‘पूर्वेकडील इंडीजचा पॅट्रिआर्क’ ही सन्माननीय पदवी मिळाली. परंतु पाद्रोआदोचे क्षेत्र आखडले. या तडजोडीने असंतुष्ट झालेल्यांपैकी वेर्णे येथे जन्मलेले धर्मगुरू आंतोनियु फ्रांसिस्कु शाव्हिएर आल्व्हारिस (१८३६–१९२३) यांनी ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारला. १८८९ मध्ये कोट्टायम येथे ‘मार ज्युलियस’ या नावाने त्यांना बिशपपदाची दीक्षा देण्यात आली. कॅथलिक धर्मपीठाने बहिष्कृत केलेल्या या बिशपाने उत्तरायुष्यात पणजीत रुग्ण व निराधार यांची सेवा केली. त्यांचे अवशेष रायबंदर येथील सेंट मेरी ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आहेत. ज्या रस्त्याने पणजीहून से कॅथीड्रलकडे जातात, त्याच रस्त्यावर रायबंदर लागते.

वास्तुरचना : कॅथीड्रलचे मुख पूर्वेकडे आहे. तिचे विधान (तलविन्यास) लांबट आयताकार असून त्यात मध्यदालन, दोन्ही बाजूंच्या पार्श्ववीथी व त्यांना छेदणारे आडवे दालन यांमुळे क्रूसाचा आकार साधला आहे. शैली सामान्यतः पोर्तुगीज-गॉथिक म्हणून ओळखली जाते. मात्र बाह्यांगात तस्कन व अंतरंगात कॉरिंथियन हे प्रबोधनकाळात पुन्हा प्रचारात आलेले अभिजात स्तंभप्रकार योजले आहेत. बाहेरून साधेपणा व भारदस्तपणा आणि आत अलंकरण, असा हा क्रम आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास पोर्तुगालमध्ये लैरीया, पोर्तालेग्रे व मिरांदा येथे बांधलेल्या कॅथीड्रलांशी तिचे साधर्म्य अभ्यासकांनी दाखविले आहे. मायदेशी नुकतीच रूढ झालेली पद्धत येथे अधिक मोठ्या प्रमाणावर वापरली गेली.

बांधकाम उंच जोत्यावर जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचे असून त्यावर चुन्याचा गिलावा दिला आहे. कोकण-गोव्यात विपुल मिळणारा जांभा खाणीतून काढताना मऊ असल्याने सहज तासता येतो व हवा लागल्यावर कठीण होतो. पण तो सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी शोषून घेतो. त्यामुळे या प्रदेशात गिलावा व त्यावरील पांढरी सफेदी ही केवळ शोभा नसून भिंतीचे कवच असते. मोठी छते पेलण्यासाठी भिंती अतिशय जाड ठेवल्या आहेत.

दर्शनी भागाला तीन प्रवेशद्वारे आहेत. त्याच्या दोन्ही अंगांस मुळात दोन मनोरे होते. त्यांपैकी उत्तरेकडील मनोरा १७७६ मध्ये कोसळला व पुन्हा बांधला गेला नाही. आज दिसणारा असमतोल मूळ योजनेचा भाग नाही, हे पाहणाऱ्याने लक्षात घेतले पाहिजे. त्या वेळी शहर बहुतांशी ओस पडले होते आणि राज्याची तिजोरीही रिती होती. पडलेला मनोरा तसाच राहण्याचे मर्म यातून उमगते. उरलेल्या दक्षिण मनोऱ्यातील ‘सुवर्ण घंटा’ गोव्यातील सर्वांत मोठी असून ती १६५२ मध्ये कुंकळ्ळी येथे ओतण्यात आली. तिचे नाव धातूवरून नव्हे, तर गंभीर व मधुर नादावरून पडले आहे.

आत प्रवेश करताच मध्यदालनाचा प्रशस्तपणा जाणवतो. त्याचे छत अर्धनळीच्या आकाराचे असून प्रचंड स्तंभांवर तोललेले आहे. मध्यदालन व आडवे दालन जेथे छेदतात, तेथील छत मात्र धारांच्या कमानींचे, म्हणजे गॉथिक परंपरेतील आहे. पार्श्ववीथींच्या बाहेरील अंगास आठ उपप्रार्थनामंदिरे आहेत. त्यांना विभागणाऱ्या भिंती छताचा बाहेरच्या दिशेने पडणारा दाब पेलतात. गॉथिक चर्चमध्ये बाहेर दिसणारे आधारस्तंभ येथे असे आत घेऊन त्यांमधील जागा उपासनेसाठी वापरली आहे. आत शिरताना उजव्या हातास संत अँथनी, संत बर्नार्ड, चमत्कारी क्रूस व पवित्र आत्मा यांची, तर डाव्या हातास सद्गुणांची माता, संत सेबॅस्टियन, पवित्र साक्रामेंत व जीवनमाता यांची मंदिरे आहेत. यांपैकी पवित्र साक्रामेंत व चमत्कारी क्रूस यांच्या मंदिरांना कोरीव लाकडी जाळ्यांचे पडदे आहेत. चमत्कारी क्रूस मूळचा जवळच्या टेकडीवरील असून १६१९ मध्ये त्यावर ख्रिस्ताचे दर्शन घडले, अशी श्रद्धा आहे. तो १८४५ मध्ये या वास्तूत आणण्यात आला. प्रवेशद्वाराजवळील जुन्या बाप्तिस्मापात्राचा उपयोग संत फ्रान्सिस झेव्हिअरने केल्याचे परंपरेने सांगतात.

मुख्य वेदी हे अंतरंगातील सर्वांत अलंकृत अंग होय. तिच्या मागील उत्तुंग लाकडी पटावर सोन्याचा मुलामा असून त्यावरील सहा फलकांत संत कॅथरिनचे चरित्र व हौतात्म्य चित्रित केले आहे. चौथ्या शतकाच्या आरंभी सम्राटाच्या आज्ञेने तिचा वध झाला व तत्पूर्वी तिने वादविवादात पंडितांना निरुत्तर केले, अशी आख्यायिका आहे. गोव्यातील चर्चमधील अशा काष्ठशिल्पांत स्थानिक कारागिरांचा हात असे. पानाफुलांच्या दाट नक्षीत व आकृत्यांच्या गोलाईत त्यांच्या परंपरागत हातोटीचा प्रत्यय येतो. देवालयांच्या रथ-मखरांवर चालणारी छिन्नी येथे ख्रिस्ती विषयांकडे वळलेली दिसते.

ऱ्हास व जतन : रोगराई व नदीपात्रात साचणारा गाळ यांमुळे सतराव्या शतकापासूनच शहराची वस्ती घटू लागली. १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने शहरासमीपच्या जुवे बेटावरील किल्ला घेतला, तेव्हा व्हाइसरॉयने बॉम जेझसमध्ये जाऊन आपला राजदंड संत झेव्हिअरच्या शवपेटिकेत ठेवला व संरक्षणाची याचना केली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. १७५९ मध्ये व्हाइसरॉयचे निवासस्थान पणजीस हलले व १८४३ मध्ये पणजी ही अधिकृत राजधानी झाली.

तत्पूर्वी, १८३४ मध्ये पोर्तुगालने धार्मिक संघांचे विसर्जन केले. त्याची अंमलबजावणी गोव्यात होताच संघांच्या मालकीचे मठ व चर्च निराधार झाले. संत ऑगस्टीनच्या भव्य चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले व आज त्याच्या मनोऱ्याचा केवळ एक भाग उभा आहे. सेंट पॉल महाविद्यालय हे भारतातील मुद्रणाचे आद्य स्थान (१५५६). त्याच्या चर्चची केवळ कमान शिल्लक आहे. से कॅथीड्रल मात्र कोणत्याही संघाची नव्हती. ती धर्मप्रांताची होती. शहर ओस पडले, तरी आर्चबिशपाचे पीठ तेथून हलले नाही व उपासना खंडित झाली नाही. वास्तू टिकते ती दगडामुळे जितकी, तितकीच वापरामुळे, याचे हे बोलके उदाहरण होय.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाल्यानंतर या स्मारकांची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे आली. १९८६ मध्ये से कॅथीड्रलसह जुन्या गोव्यातील चर्च व मठ यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत करण्यात आला. जतनाच्या दृष्टीने से कॅथीड्रल व बॉम जेझस यांची तुलना उद्बोधक आहे. बॉम जेझसच्या भिंतींवरील गिलावा १९५० नंतरच्या दशकात एका पोर्तुगीज वास्तुविशारदाने प्राचीनतेचा आभास निर्माण करण्यासाठी काढून टाकला. त्यामुळे उघडा पडलेला जांभा पावसाच्या माऱ्याने झिजत असून गिलावा पुन्हा चढवावा की नाही, हा वाद २०२० मध्ये ऐरणीवर आला. लोकांच्या नजरेत ते तांबूस रूपच ‘मूळ’ ठरून गेले आहे. समोरच्या से कॅथीड्रलची पांढरी भिंत मूळ पद्धत कोणती होती, ते दाखविते.

दर दहा वर्षांनी संत फ्रान्सिस झेव्हिअरचे अवशेष बॉम जेझसमधून मिरवणुकीने से कॅथीड्रलमध्ये आणून दर्शनासाठी ठेवण्यात येतात. असा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाला. त्या वेळी विविध धर्मांचे लोक येथे येतात. जिंकलेल्यांवर छाप पाडण्यासाठी बांधलेली ही वास्तू कालांतराने त्यांच्याच वंशजांच्या श्रद्धेचे व वारशाचे स्थान झाली. तिच्या इतिहासातील वैभव आणि वेदना यांपैकी एकच बाजू सांगितल्यास तिचे यथार्थ आकलन होत नाही.